दोघांतली केबल

कोर्टासमोर किंवा तहसील कचेरीच्या दारात झेरॉक्सचं जे दुकान असतं, तिथे कॉम्प्युटर आणि कॉपियर यांच्यात जेमतेम हातभर अंतर असतं. एकातून निघालेली लॅन केबल दुसऱ्यात खोचली की काम झालं, असं गिऱ्हाइकाला वाटतं. खटपट खरी तिथून पुढे सुरू होते, हे दुकानदार जाणून असतो. पोर्टजवळचा हिरवा दिवा लुकलुकतो, पण प्रिंट येत नाही. प्रिंट आली, तर स्कॅन कॉम्प्युटरपर्यंत पोहोचत नाही. दोन्ही जमलं, तर इंटरनेट बंद पडतं. दोनच यंत्रं आणि मध्ये एकच केबल, तरी एवढा घोळ का होतो, हे कळायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं. ही केबल मुळात दोघांसाठी बनलेलीच नाही. पुष्कळ यंत्रांनी मिळून वापरायची ती गोष्ट होती आणि पुढे त्या यंत्रांच्या मधोमध कारभार बघणारं आणखी एक यंत्र आलं. ते मधलं यंत्र काढून टाकलं की त्याची सगळी कामं या दोघांच्या अंगावर पडतात. कोणाला कोणतं काम नेमून दिलेलं आहे, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसतं.

सुरुवात कॉपियरपासूनच झाली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्यांचे सहायक ओटो कोर्नाई यांनी गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर त्या दिवसाची तारीख आणि जागेचं नाव उमटवून दाखवलं. पत्र्यावर स्थिर विद्युतभार चढवायचा. उजेड पडेल तिथला भार उतरतो. उरलेल्या भाराला पूड चिकटते आणि ती कागदावर उतरवून घ्यायची. यातून कचेरीत ठेवता येईल असं यंत्र व्हायला आणखी एकवीस वर्षं गेली. ते १९५९ चं झेरॉक्स ९१४.

झेरॉक्स कंपनीच्या वेबस्टर इथल्या प्रयोगशाळेत गॅरी स्टार्कवेदर नावाचे प्रकाशशास्त्राचे अभियंते होते. कॉपियरमध्ये पत्र्याच्या जागी आलेला ड्रम मूळ कागदावरून परावर्तित झालेला उजेड घेतो. त्याऐवजी लेझरचा किरण थेट ड्रमवर फिरवून अक्षरं लिहिली तर, असा विचार ते १९६७ च्या सुमारास करू लागले. मूळ कागदाची गरजच उरणार नव्हती. वरिष्ठांना हे पटलं नाही. त्या काळी लेझर महाग होता आणि कॉपियरचा धंदा उत्तम चालला होता. १९७१ मध्ये स्टार्कवेदर यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या नव्या संशोधन केंद्रात, म्हणजे झेरॉक्स पार्कमध्ये बदली करून घेतली आणि वर्ष संपायच्या आत झेरॉक्स ७००० या कॉपियरवर लेझर आणि गरगर फिरणारा बहुभुज आरसा बसवून पहिला लेझर प्रिंटर उभा केला. आज प्रिंटर आणि कॉपियर एकाच खोक्यात असतात याचं नवल वाटत नाही, कारण लेझर प्रिंटर जन्मालाच कॉपियरच्या पोटी आला.

हे यंत्र सेकंदाला एक पान छापू शकत होतं, इंचाला ५०० ठिपके या बारकाईने. अमेरिकन लेटर आकाराच्या एका पानावर त्या हिशेबाने दोन कोटी तेहेतीस लाखांहून जास्त ठिपके होतात. पार्कमध्ये १९७३ मध्ये आल्टो नावाचे कॉम्प्युटर तयार होऊ लागले होते आणि प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर एकेक ठेवायचा बेत होता. प्रिंटर मात्र सगळ्यांत मिळून एक. एवढ्या आल्टोंना त्या एका प्रिंटरपर्यंत नेणारा वेगवान रस्ता हवा होता. २२ मे १९७३ रोजी रॉबर्ट मेटकाफ यांनी टाइप केलेल्या टिपणात त्या रस्त्याचं नाव आलं: इथरनेट. डेव्हिड बॉग्ज यांना सोबत घेऊन मेटकाफ यांनी ते प्रत्यक्षात आणलं. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट.

पानाचे सगळे ठिपके या वेगाने पाठवता येणं शक्य नव्हतं. म्हणून केबलमधून अक्षरं आणि त्यांच्या जागा जात, आणि प्रिंटरच्या शेजारी उभं असलेलं वेगळं यंत्र त्यांचे ठिपके करून देई. केबल ठीक, दिवे ठीक, तरी पानांवर अगम्य चिन्हं छापली जातात तेव्हा बिघाड याच टप्प्यावर असतो. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर एका भाषेत बोलतो आणि कॉपियर दुसरीच भाषा समजतो.

एकाच केबलवर इतक्या जणांनी बोलायचं कसं, याचं उत्तर मेटकाफ यांना हवाई बेटांवर सापडलं. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये रेडिओवर चालणारं अलोहा जाळं सुरू केलं होतं. दोन केंद्रं एकाच वेळी बोलली तर दोन्ही संदेश एकमेकांवर आदळून फुकट जात. मग प्रत्येकाने मनाशी आलेला कोणताही आकडा धरून तितका वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. दोघांचे आकडे सहसा वेगळे निघतात, त्यामुळे दुसऱ्या वेळी टक्कर टळते. आधी कोण, नंतर कोण हे ठरवणारा वरचा कोणी नाही. दोघांनी आपापल्या जागी नाणं उडवायचं. ही युक्ती पुढे आणखी दोन ठिकाणी भेटते, आणि थेट केबलचं घोडं दोन्ही वेळा तिच्यामुळेच गंगेत न्हालं.

मधल्या काळात सामान्य कचेऱ्यांनी मात्र वेगळी वाट धरली. सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये आपल्या प्रिंटरला ३६ पिनांचं एक जोडणीचं टोक दिलं, आयबीएमने १९८१ च्या पीसीवर २५ पिनांचं, आणि ‘एलपीटी १’ हा शब्द घरोघरच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी बसला. ही खरी दोघांतली केबल होती. एका टोकाला हुकूम देणारा, दुसऱ्या टोकाला छापणारा. आठ तारांवरून आठ बिट जात, एक तार ‘घे’ सांगे, एक ‘थांब’ सांगे, एक ‘कागद संपला’ सांगे. पत्ता नाही, नाव नाही. लांबी दोन-तीन मीटरच्या पलीकडे नेली की अक्षरं चुकायला लागत, एवढीच मर्यादा. डीटीपीच्या टेबलांवर ही जाडजूड केबल वर्षानुवर्षं निमूट चालली ती तिच्या या साधेपणामुळे.

इथरनेटने १९८० ते १९९० या काळात दोन गोष्टी बदलल्या. डीईसी, इंटेल आणि झेरॉक्स यांनी १९८० मध्ये १० मेगाबिटचा खुला नमुना जाहीर केला आणि १९८३ मध्ये त्याला आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची मान्यता मिळाली. दुसरी गोष्ट तारेची. जाड कोअ‍ॅक्सियल केबल भिंतीभिंतीतून ओढणं त्रासाचं होतं, तर टेलिफोनच्या पीळ दिलेल्या तारा इमारतींत आधीपासूनच होत्या. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलेला हा पीळ १९९० च्या १०-बेस-टी नियमाने इथरनेटचा झाला. त्यासोबत मधोमध हब नावाचं यंत्र आलं.

या नियमात बोलायची आणि ऐकायची जोडी वेगवेगळी आहे. कॉम्प्युटर पिन १ आणि २ वर बोलतो, ३ आणि ६ वर ऐकतो. हब नेमका उलटा: तो १ आणि २ वर ऐकतो. म्हणून कॉम्प्युटर ते हब सरळ केबल चालते. तारांची अदलाबदल हबच्या पोटात झालेली असते. आता हब काढून घ्या. कॉपियरचं नेटवर्क कार्डही कॉम्प्युटरच्याच जातीचं, तेही १ आणि २ वर बोलणारं. सरळ केबलने जोडले की दोघंही एकाच जोडीवर बोलत राहतात आणि दोघंही दुसऱ्या जोडीकडे कान लावून बसतात. दिवासुद्धा लागत नाही.

इथे क्रॉस केबल आली. ती कशी होते हे जवळून बघण्यासारखं आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, केबल मीटरवर मिळते. बाहेरचं आवरण दीड-दोन सेंटिमीटर सोलायचं, चार जोड्यांचे पीळ उलगडायचे आणि आठ तारा बोटांच्या चिमटीत शेजारीशेजारी चपट्या धरायच्या. एका टोकाला क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत छाटून पारदर्शक प्लगमध्ये ढकलायची आणि आठही तांब्याचे ठिपके समोरून दिसले की क्रिंपर दाबायचा. आठ बारीक पाती आवरण चिरून तांब्यात रुततात. दुसऱ्या टोकाला नारिंगी जोडी हिरवीच्या जागी आणि हिरवी नारिंगीच्या जागी. झाली क्रॉस. दोन्ही टोकं खिडकीशी धरून रंग मिळवून पाहिले की हातातली केबल सरळ आहे की क्रॉस, ते लगेच कळतं.

हिरव्या जोडीच्या दोन तारा निळ्या जोडीच्या दोन बाजूंना का जातात? कारण टेलिफोनच्या प्लगमध्ये मधल्या दोन पिना पहिल्या लाइनच्या असत. त्या जागेला इथरनेटने हात लावला नाही. हे ठाऊक नसलेला माणूस रंग जोडीजोडीने ओळीत लावतो, दोन्ही टोकांना सारखेच. टेस्टरचे आठही दिवे हिरवे लागतात आणि केबल चांगली ठरते. पण पिन ३ आणि ६ आता दोन वेगळ्या पिळांत गेलेल्या असतात, आणि बाहेरचा गोंगाट खोडून काढायचं काम पीळ तेव्हाच करतो जेव्हा जाणारी आणि परतणारी तार एकाच जोडीतली असते. हातभर केबलवर हे खपून जातं. दुकानाच्या मागच्या खोलीपर्यंत नेली की चार पानं येतात आणि पाचवं अडकतं. दिवे बघून समाधान मानणाऱ्याला हा दोष कधी सापडत नाही.

क्रॉस केबलची गरज ज्यांनी संपवली, त्यांचं नाव नेटवर्कची कामं करणाऱ्यांनाही फारसं माहीत नसतं. ह्युलेट-पॅकार्डमधले डॅनियल डव्ह आणि ब्रूस मेल्विन यांनी प्रत्येक पोर्टला आपली बोलायची आणि ऐकायची जोडी स्वतः बदलता येईल अशी सोय केली. अडचण एकच होती. दोन्ही टोकांना हीच सोय असेल तर दोघंही एकाच वेळी बदलतील आणि पुन्हा तिथेच येतील. मग दोघांनी बदलायचं की नाही हे प्रत्येक वेळी यदृच्छेने ठरवायचं. काही क्षणांत एक बदलतो, दुसरा तसाच राहतो आणि दिवा लागतो. अब्रॅमसन यांचं नाणं इथे तारांच्या पातळीवर उतरलं. १९९९ च्या गिगाबिट नियमात ही सोय ऐच्छिक म्हणून आली आणि लवकरच सगळीकडे दिसू लागली. दोन यंत्रांपैकी एकाला ती असली तरी कोणतीही केबल चालते. दोन्ही यंत्रं जुनी असतील, तर मात्र आजही क्रॉसच लागते.

एक खोडी त्यातही आहे. ‘वेग आपोआप ठरवू नको, १०० फुल ठेव’ असं कोणी कॉपियरच्या मेनूत जाऊन ठरवून टाकलं, तर बऱ्याच यंत्रांत ही अदलाबदलही बंद होते. दिवा लागला तरी दुसरा पेच उरतोच. समोरचा कॉम्प्युटर आपोआप ठरवायच्या बेतात असतो. त्याला उत्तर मिळत नाही, म्हणून तो नियमाप्रमाणे हाफ-डुप्लेक्स धरून बसतो. एकाला वाटतं दोघांनी एकदम बोलायला हरकत नाही, दुसऱ्याला वाटतं आळीपाळीने बोलायचं आहे. छोटी पत्रं छापली जातात, फोटोचं पान दहा मिनिटं घेतं. दोन्हीकडे ‘ऑटो’ ठेवावं, हा सल्ला १९९५ पासून म्हणजे ऑटो-निगोशिएशन नियमात आल्यापासून खरा आहे आणि तरी हौसेने मोडला जातो.

दिवा लागला, म्हणजे फक्त तार जुळली. पुढचा प्रश्न पत्त्याचा. इंटरनेटच्या नियमांप्रमाणे प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. १९९३ पासून तो वाटून द्यायचं काम डीएचसीपी करतं आणि कचेरीत हे काम राउटर बघतो. थेट केबलवर राउटर नाही. कॉम्प्युटर पत्ता मागत राहतो आणि उत्तर द्यायला कोणी नसतं.

ॲपलने हे कोडं १९८५ मध्येच सोडवलं होतं. लेझररायटर प्रिंटर ॲपलटॉकच्या तारेवर आला, तेव्हा प्रत्येक यंत्र एक आकडा उचलून ‘हा कोणाचा आहे का?’ विचारी आणि कोणी हो म्हटलं नाही तर तो आपला धरी. प्रिंटर नावानिशी पडद्यावर दिसे. इंटरनेटच्या जगात हे यायला १९९८ उजाडलं. विंडोज ९८ आणि मॅक ओएस ८.५ पत्ता न मिळाल्यास १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊ लागले. स्टुअर्ट चेशायर, बर्नार्ड अबोबा आणि एरिक गटमन यांनी मे २००५ मध्ये त्याचे रीतसर नियम लिहिले: ६५,०२४ पत्त्यांतून एक यदृच्छेने निवडायचा, तीनदा विचारायचं, कोणी हरकत घेतली तर दुसरा निवडायचा. तेच नाणं, तिसऱ्यांदा. नावाचा भाग चेशायर यांनी २००२ मध्ये ॲपलच्या राँदेव्हूमधून आणला, जो २००५ पासून बाँजूर झाला.

महाराष्ट्रातल्या दुकानात ही सोय बहुधा कामी येत नाही, आणि त्याचं कारण कॉपियरच्या पूर्वायुष्यात असतं. भारतात १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स कंपनी उभी राहिली, रामपूरला कारखाना झाला. पण लहान दुकानांना परवडली ती पुष्कळदा परदेशातल्या कचेऱ्यांतून वापरून आलेली डिजिटल मशिनं. त्यांच्या आयातीवरून कस्टम्सशी झालेला वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. असं मशिन दुकानात येतं तेव्हा आधीच्या कचेरीचा पत्ता त्याच्या पोटात कायमचा लिहिलेला असू शकतो. कॉम्प्युटर १६९.२५४ वर, कॉपियर १०.२० वर. शेजारी असूनही ती एकमेकांना दिसत नाहीत.

म्हणून जाणकार मेकॅनिक आधी कॉपियरवरूनच कॉन्फिगरेशनचं पान छापून घेतो. त्यावर पत्ता असतो. मग दोन्हीकडे हाताने पत्ते टाकतो: कॉम्प्युटरला १९२.१६८.५०.१, कॉपियरला १९२.१६८.५०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेचा रकाना कोरा. तो भरला तर इंटरनेटकडे जायची वाट याच केबलमधून आहे असं कॉम्प्युटर धरून चालतो आणि वायफाय चालू असूनही पानं उघडत नाहीत. ५० हा आकडाही उगाच नाही. घरच्या राउटरचे पत्ते बहुधा १९२.१६८.०, १९२.१६८.१ असे असतात. केबललाही तीच मालिका दिली तर कॉपियरकडे निघालेला कागद वायफायच्या दिशेने जाऊ शकतो. मग पिंग मारून बघायचं. अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा चिमुकला प्रोग्रॅम आजही पहिला निवाडा देतो: उत्तर आलं तर तार जुळलेली आणि पत्ता बरोबर, पुढचा शोध बहुधा ड्रायव्हरमध्ये किंवा विंडोजच्या प्रिंटर पोर्टमध्ये.

स्कॅनमध्ये भूमिका उलटतात. आता कॉपियर येऊन कॉम्प्युटरचं दार ठोठावतो आणि ते दार विंडोजने लावून घेतलेलं असतं. गेटवे नसलेलं जाळं विंडोजला ओळखू येत नाही. ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणून ते सार्वजनिक जागेच्या कडक नियमांत टाकलं जातं आणि फायरवॉल शेअर केलेला फोल्डर लपवते. त्याहून मोठा धक्का २०१७ चा. मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने एसएमबी या फाइल वाटपाच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर हातपाय पसरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी १ मुळातच बसवलेलं येईनासं झालं. मायक्रोसॉफ्टचा निर्णय योग्य होता. पण जुन्या कॉपियरना एसएमबीची तेवढीच आवृत्ती येत होती. काल चालणारं स्कॅनिंग एका अपडेटनंतर बंद पडलं आणि बोल लागला तो केबलला.

तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी एसएमबी १ परत चालू करून वेळ मारून नेली जाते. हे टाळलेलं बरं, कारण तो कॉम्प्युटर केबलसोबत वायफायवरही असतो आणि तेच भोक त्या बाजूने उघडं पडतं. मशिनला निर्मात्याकडून नवी आवृत्ती मिळत असेल तर ती घालावी. नसेल तर बहुतेक जुन्या कॉपियरना एफटीपी हे फाइल पाठवायचं तंत्र येतं. अभय भूषण यांनी, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीत शिकलेल्या या अभियंत्याने, एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये त्याचा पहिला आराखडा लिहिला. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून मोठ्या जाळ्यावर ते वापरू नये असं सांगतात, आणि ते बरोबर आहे. थेट केबलवर ऐकायला तिसरा कोणी नसतो. कॉम्प्युटरवरचा एफटीपी सर्व्हर फक्त १९२.१६८.५०.१ या पत्त्यावर बांधून ठेवायचा, म्हणजे वायफायच्या बाजूने तो दिसत नाही. कॉपियरच्या ॲड्रेस बुकमध्ये कॉम्प्युटरचं नाव न घालता हाच पत्ता घालायचा, कारण नावावरून पत्ता शोधून देणारंही या केबलवर कोणी नाही.